अर्धशिशीची नोंदवही

मी नववीत असतानाची गोष्ट. मार्च महिन्यातील दुपार होती आणि बीजगणिताचा तास चालू होता. फळ्यावरील समीकरण वहीत उतरवून घेताना मधलीच एक संख्या दिसेनाशी झाली. नजर थोडी डावीकडे वळविली की ती संख्या दिसे, पण मग तिच्या शेजारचे अक्षर नाहीसे होई. थोड्या वेळाने त्या रिकाम्या जागेच्या कडेला एक नागमोडी, चमचमणारी रेघ उमटली आणि हळूहळू मोठी होत डावीकडे सरकू लागली. वीस-पंचवीस मिनिटांनी रेघ गेली, सारे पूर्ववत दिसू लागले आणि कपाळाची उजवी बाजू ठणकू लागली. मी बाकावर डोके टेकले. परीक्षा तोंडावर आली असताना मुलगा ढोंग करतो आहे, असे गुरुजींना वाटले. उरलेला तास मला वर्गाबाहेर उन्हात उभे राहून काढावा लागला.

गुरुजींना फारसा दोष देता येणार नाही. ताप आला तर तापमापीचा पारा चढतो, हाड मोडले तर क्ष-किरण छायाचित्रात दिसते. डोकेदुखी मात्र दुसऱ्याला दाखविता येत नाही. पण जे उपकरणाने मोजता येत नाही त्याचीही पद्धतशीर नोंद ठेवता येते आणि त्या नोंदींवरून निष्कर्ष काढता येतात. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत आपण जी शिस्त शिकतो, तीच अर्धशिशीच्या बाबतीत कशी उपयोगी पडते, हे या लेखात पाहू.

अर्धशिशी म्हणजे काय?

अर्धशिशी म्हणजे अर्ध्या डोक्याचे दुखणे. सुश्रुतसंहितेत याला ‘अर्धावभेदक’ म्हटले आहे. ग्रीक भाषेत ‘हेमिक्रेनिया’, म्हणजे अर्धी कवटी, असा शब्द होता आणि त्याचाच अपभ्रंश होत ‘मायग्रेन’ हा शब्द तयार झाला. दूरदूरच्या वैद्यांनी एकाच लक्षणावरून रोगाला नाव दिले, यावरून हे दुखणे किती जुने आहे ते कळते.

पण केवळ अर्धे डोके दुखले म्हणजे अर्धशिशी, असे नव्हे. तिची ओळख पुढीलप्रमाणे आहे. उपचार केला नाही तर एक झटका ४ ते ७२ तास टिकतो. डोके बहुधा एका बाजूला आणि नाडीच्या ठोक्यांबरोबर ठणकल्यासारखे दुखते. जिना चढणे, चालणे अशा साध्या हालचालींनीही दुखणे वाढते. मळमळते किंवा उलटी होते, अथवा उजेड आणि आवाज सहन होत नाही. लहान मुलांमध्ये झटका दोन तासांतही आटोपू शकतो आणि पुष्कळदा कपाळाच्या दोन्ही बाजू दुखतात.

जगात दर सात माणसांपैकी सुमारे एकाला हा विकार असतो. कर्नाटक राज्यात केलेल्या एका पाहणीत (ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली) हे प्रमाण चारांत एक इतके आढळले. वयात येण्यापूर्वी मुले आणि मुली यांच्यातील प्रमाण जवळपास सारखे असते. पुढे मात्र स्त्रियांमध्ये ते पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट होते. विकार बऱ्याच अंशी आनुवंशिक आहे. म्हणजे चाळीस-पन्नास विद्यार्थ्यांच्या वर्गात अर्धशिशीचे दोन-चार विद्यार्थी तरी असण्याचा पुष्कळ संभव आहे. ते सारेच ढोंगी असणे शक्य नाही.

मेंदूवरून सरकणारी लाट

मला दिसली तशी चमचमती रेघ अर्धशिशीच्या साधारण चौथा हिस्सा ते एक तृतीयांश रुग्णांना दुखण्यापूर्वी दिसते. या पूर्वलक्षणाला ‘ऑरा’ म्हणतात. त्याचा अभ्यास प्रथम ज्यांनी बारकाईने केला, त्यांत एक खगोलशास्त्रज्ञ होते. दुर्बिणीतून तारा बिंदूसारखा न दिसता लहान तबकडीसारखा का दिसतो, हे ज्यांच्या नावाने आपण शिकतो, तेच हे जॉर्ज एअरी. स्वतःला दिसणाऱ्या या रेघेविषयी त्यांनी १८६५ मध्ये लिहिले. त्यांचे चिरंजीव ह्यूबर्ट एअरी हे वैद्य होते आणि त्यांनाही हाच अनुभव येई. १८७० मध्ये त्यांनी या रेघेची टप्प्याटप्प्याने काढलेली चित्रे प्रसिद्ध केली. रेघेची कोनाकोनांची आकृती त्यांना एखाद्या तटबंदीच्या शहरासारखी वाटली. आपल्याकडील एखाद्या किल्ल्याचा बुरुजांसह नकाशा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कल्पना येईल.

ही रेघ डोळ्यात उमटते की मेंदूत? त्याचा निर्णय करण्याची परीक्षा अगदी सोपी आहे. आधी एक डोळा झाकावा, मग दुसरा. ऑरा असेल तर दोन्ही वेळा दृष्टीच्या त्याच भागात रेघ दिसते. दोन्ही डोळे मिटले तरी ती जात नाही. अर्थात तिचे स्थान डोळ्यात नसून, दोन्ही डोळ्यांकडून येणारी माहिती जेथे एकत्र होते त्या मेंदूच्या मागील भागात आहे.

कार्ल लॅश्ली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने पुढची पायरी गाठली. त्यालाही ऑरा होई. त्याने तिच्या कडेच्या जागा वेळेसह नोंदवून ठेवल्या आणि १९४१ मध्ये एक साधा हिशेब मांडला. दृष्टीच्या मध्यापासून कडेपर्यंत जायला रेघेला सुमारे २० मिनिटे लागतात. मेंदूच्या पृष्ठभागावर त्याच प्रवासाचे अंतर सुमारे ६० मिलिमीटर आहे. म्हणून

वेग = ६० मिमी ÷ २० मिनिटे = मिनिटाला ३ मिमी.

हा वेग फार चमत्कारिक आहे. मज्जातंतूतून जाणारा संदेश सेकंदाला ५० मीटर धावतो असे धरले, तर तो मिनिटाला ३,००० मीटर, म्हणजे ३०,००,००० मिलिमीटर जाईल. ऑराची गती त्याच्या दहा लाखांश आहे! तेव्हा हा मज्जातंतूंतून धावणारा संदेश नव्हे. देवापुढची अगरबत्ती आठवा. तिचे जळते टोक दर मिनिटाला काही मिलिमीटर इतकेच सरकते. पुढे निखारा आणि मागे राख. ऑरामध्येही पुढे चमकणारी कड असते आणि तिच्यामागे काही न दिसणारी जागा असते.

निखारा आणि राख म्हणजे मेंदूत नेमके काय, याचे उत्तर ब्राझीलचे शास्त्रज्ञ अरिस्तिदेस लेआँ यांच्या प्रयोगांतून मिळाले. ते १९४४ मध्ये हार्वर्ड येथे सशांच्या मेंदूवर अपस्माराचा अभ्यास करीत होते. मेंदूच्या पृष्ठभागावर एका जागी उद्दीपन दिले की तेथील विद्युत्‌क्रिया मंदावे आणि हा मंदपणा लाटेप्रमाणे चहूकडे पसरे. त्याचा वेग मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर होता. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन अभ्यासांतून निघालेला हा आकडा एकच आहे, हे पीटर मिल्नर यांनी १९५८ मध्ये दाखवून दिले. लाट पुढे सरकते ती अशी : उद्दीपित पेशींतून पोटॅशियमचे आयन बाहेर पडतात, ते शेजारच्या पेशींना उद्दीपित करतात आणि मग त्या पेशी काही काळ निपचित होतात. सुदैवाने अगरबत्तीप्रमाणे त्यांची राख होत नाही. काही मिनिटांत त्या पुन्हा कामाला लागतात. २००१ मध्ये नुशीन हजिखानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चुंबकीय अनुस्पंदन यंत्राच्या साहाय्याने माणसाच्या मेंदूवरून ऑराच्या वेळी जाणारी अशीच लाट टिपली. वेग भरला मिनिटाला सुमारे ३.५ मिलिमीटर.

मग दुखते ते काय?

मेंदूच्या पेशींना स्वतःला वेदना होत नाहीत. वेदना कळते ती मेंदूवरील आवरणांना आणि तेथील रक्तवाहिन्यांना. चेहरा, कपाळ आणि ही आवरणे यांच्याकडील संवेदना मेंदूकडे नेणारा जो मोठा मज्जातंतू आहे, त्याची टोके झटक्याच्या वेळी काही रसायने सोडतात. त्यांपैकी सी.जी.आर.पी. या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे रसायन महत्त्वाचे आहे. पूर्वी केवळ रक्तवाहिन्या फुगल्यामुळे डोके दुखते असे मानीत. आता मज्जातंतूंच्या या उत्तेजनाला अधिक महत्त्व दिले जाते. या संशोधनाबद्दल लार्स एड्व्हिन्सन, पीटर गोड्सबी, मायकेल मॉस्कोविट्झ आणि येस ओलेसेन यांना २०२१ चे ‘ब्रेन प्राइझ’ मिळाले. सी.जी.आर.पी.चा मार्ग अडविणारी प्रतिबंधक औषधे २०१८ पासून वापरात आली आहेत.

कारण वेगळे, निमित्त वेगळे

उन्हात गेलो म्हणून डोके दुखले, असे आपण म्हणतो. पण त्याच उन्हात गेलेल्या इतर चाळीस जणांचे दुखले नाही. तेव्हा ऊन हे कारण नव्हे, निमित्त होय. कारण आहे तो बदलांना फार लवकर प्रतिसाद देणारा मेंदू. काठोकाठ भरलेल्या पेल्यात एक थेंब पडला तरी पाणी सांडते. अर्धा रिकामा असेल तर दहा थेंबही मावतात. रात्रीचे जागरण, चुकलेली न्याहारी आणि दुपारचे ऊन यांपैकी एकेकटे निमित्त कदाचित सोसेल, पण तिन्ही एकाच दिवशी आली तर पेला सांडतो. ‘काल ऊन लागले तर काही झाले नाही, मग आज कसे झाले?’ या प्रश्नाचे उत्तर यात आहे.

पुष्कळ रुग्णांत आढळणारी निमित्ते अशी : जेवणाची वेळ टळणे किंवा कडक उपवास, झोप कमी होणे किंवा एखाद्या दिवशी जास्त होणे, पाणी कमी पिणे, मानसिक ताण, आणि गंमत म्हणजे ताण संपल्यावर येणारा सैलपणा (परीक्षा संपली त्याच संध्याकाळी डोके धरले, हा अनुभव अनेकांना असेल), डोळे दिपविणारा उजेड, उग्र वास, मोठा आवाज, हवेतील बदल आणि मुलींच्या बाबतीत मासिक पाळीचे दिवस. आपल्या देशात आणखी एक निमित्त दिसते. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी डोक्यावरून न्हाण्यामुळे अर्धशिशी उठणाऱ्या ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणे २००६ मध्ये प्रसिद्ध केली.

उजेडाबाबत थोडे अधिक सांगायला हवे. घरगुती विजेची वारंवारता सेकंदाला ५० आवर्तने असते, त्यामुळे जुन्या पद्धतीचा चोक असलेली ट्यूब सेकंदाला १०० वेळा मिणमिणते. डोळ्यांना ते जाणवत नाही. पण अशा ट्यूबखाली पेन्सिल भराभर हलवून पाहा, तुम्हाला तुटक तुटक अशा अनेक पेन्सिली दिसतील. १९८९ मध्ये इंग्लंडमध्ये आर्नल्ड विल्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका कार्यालयातील दिव्यांना साध्या चोकऐवजी उच्च वारंवारतेची मंडले बसवून पाहिली, तेव्हा तेथील डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण यांच्या तक्रारी निम्म्याहून कमी झाल्या. काही स्वस्त एल.ई.डी. दिवेही असेच मिणमिणतात. पेन्सिलीची परीक्षा त्यांनाही लावून पाहावी.

नोंदवही कशी ठेवावी?

निमित्तांची यादी वाचून सगळीच टाळायची म्हटले तर घराबाहेर पडणेच नको. यादीतील कोणते निमित्त आपले, हे प्रत्येकाने शोधून काढायचे असते. त्यासाठी शंभर पानी वही पुरे. तिच्यात रोज रात्री एक ओळ लिहावी. रकाने असे :

१. दिनांक
२. आदल्या रात्री किती तास झोप झाली
३. न्याहारी, दुपारचे आणि रात्रीचे जेवण वेळेवर झाले का
४. पाणी किती पेले, चहा किती कप
५. ऊन, प्रवास, न्हाणे, जागरण, परीक्षा असे काही विशेष. मुलींनी पाळीचे दिवस
६. डोके दुखले का? केव्हा सुरू झाले, केव्हा थांबले, ० ते १० या मापावर किती दुखले
७. काय उपाय केला, किती वाजता केला

सर्वांत महत्त्वाचा नियम हा, की ज्या दिवशी डोके दुखले नाही त्या दिवसाचीही नोंद करायची. हा नियम बहुतेक जण पाळत नाहीत आणि मग निष्कर्ष चुकतात. कसे ते पाहू.

समजा, एका विद्यार्थिनीने ९० दिवस नोंद ठेवली आणि त्या काळात तिचे डोके ९ वेळा दुखले. या ९ पैकी ६ वेळा तिने त्या दिवशी लोणचे खाल्ले होते. ‘तीनांत दोन वेळा लोणचे! तेच बाधते,’ असा निर्णय घरात लगेच दिला जाईल. पण वही उघडली तर दिसते, की तिने ९० पैकी ६० दिवस लोणचे खाल्ले होते. आता हिशेब करा :

लोणचे खाल्लेले दिवस : ६० पैकी ६ वेळा दुखले, म्हणजे दहांत एक.
लोणचे न खाल्लेले दिवस : ३० पैकी ३ वेळा दुखले, म्हणजे दहांत एक.

लोणचे निर्दोष ठरले! आता न्याहारीचा रकाना पाहू. ती १५ दिवस न्याहारी न करता शाळेत गेली होती आणि ९ पैकी ५ झटके त्या १५ दिवसांत आले होते.

न्याहारी चुकलेले दिवस : १५ पैकी ५, म्हणजे तीनांत एक.
न्याहारी केलेले दिवस : ७५ पैकी ४, म्हणजे सुमारे एकोणिसांत एक.

येथे संशयाला जागा आहे. एवढ्या थोड्या आकड्यांवरून सिद्धता झाली असे म्हणता येणार नाही. न्याहारी चुकलेले दिवस कदाचित जागरणानंतरचेही असतील. म्हणून पुढील दोन-तीन महिने फक्त एकच गोष्ट बदलायची : न्याहारी चुकवायची नाही. बाकी सारे पूर्वीसारखेच ठेवायचे. एका वेळी एकच राशी बदलावी, हा प्रयोगशाळेतील नियम येथेही लागू आहे. मात्र निमित्त तपासण्यासाठी मुद्दाम उपाशी राहणे किंवा उन्हात उभे राहणे असले उलटे प्रयोग करू नयेत.

आधी काय, नंतर काय?

निमित्ते शोधताना आणखी एक फसगत होते. डोके दुखू लागण्यापूर्वी काही तास, क्वचित एक-दोन दिवस आधीच मेंदूतील बदल सुरू झालेले असतात. त्या वेळी जांभया येतात, मान अवघडते, चिडचिड होते, उजेड खुपतो आणि काही जणांना गोड खावेसे वाटते. अशा वेळी मुलगा चॉकलेट खातो, तीन तासांनी डोके दुखते आणि दोष चॉकलेटवर येतो. प्रत्यक्षात दुखण्याची सुरुवात आधी झालेली असते आणि चॉकलेटची इच्छा हा तिचाच परिणाम असतो. १९९७ मध्ये अमेरिकेत केलेल्या एका प्रयोगात डोकेदुखीच्या रुग्ण स्त्रियांना खरे चॉकलेट आणि त्याच चवीचा दुसरा पदार्थ, कोणता कोणता ते न सांगता देण्यात आला. देणाऱ्यांनाही ते ठाऊक नव्हते. चॉकलेटने डोकेदुखी अधिक उठते, असे आढळले नाही. दोन घटना एकापाठोपाठ घडल्या म्हणजे पहिली दुसरीचे कारण असतेच असे नाही.

घरगुती उपाय

उपायांच्या बाबतीतही हीच सावधगिरी हवी. झटका आपोआप थांबणारच असतो. दहाव्या तासाला एखादा लेप लावला आणि अकराव्या तासाला डोके उतरले, तर श्रेय लेपाला मिळते. म्हणून वहीत उपायाची वेळ आणि दुखणे थांबल्याची वेळ दोन्ही लिहाव्यात व पाच-सहा झटक्यांची तुलना करावी. पुढील उपाय साधे आणि करून पाहण्याजोगे आहेत.

अंधार आणि झोप : अंधाऱ्या, शांत खोलीत पडून राहावे. झोप लागली तर पुष्कळदा झटका ओसरतो. हा सर्वांत जुना आणि बिनखर्चाचा उपाय आहे.

थंडावा : बर्फाचे तुकडे रुमालात गुंडाळून कपाळावर किंवा मानेवर १०-१५ मिनिटे ठेवावेत; बर्फ थेट कातडीवर ठेवू नये. १०० ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८,००० कॅलरी उष्णता घेतो, तर १०० ग्रॅम पाणी १० अंशांवरून ३० अंशांपर्यंत तापताना फक्त २,००० कॅलरी घेते. शिवाय वितळून संपेपर्यंत बर्फाचे तापमान वाढत नाही. घरात बर्फ नसला तरी अडत नाही. ओला पंचा कपाळावर ठेवून वारा घालावा. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेतली जाते. विदर्भातील कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय उत्तम चालतो. कोकणातील दमट हवेत बाष्पीभवन मंद होते, म्हणून तेथे तो थोडा कमी पडतो.

बाम : बाम चोळल्यावर गार वाटते, पण तापमापीच्या फुग्याला बाम लावून पाहा, पारा जवळजवळ हलत नाही. बाममधील मेन्थॉल कातडीतील थंडी ओळखणाऱ्या ग्राहकांना चेतविते आणि मेंदूला थंडीचा भास होतो. तापमान व स्पर्श यांच्या ग्राहकांवरील संशोधनासाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापूटियन यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बामने बरे वाटत असेल तर थोडा लावावा, डोळ्यांपासून दूर. पण काही जणांना त्याचा उग्र वासच सोसत नाही, हेही वहीत तपासावे.

पाणी आणि खाणे : झटक्याची चाहूल लागताच पाणी किंवा लिंबाचे सरबत घ्यावे आणि भूक असेल तर पोळी, भात असे साधे काही खावे. अर्धशिशीवर सूर्योदयापूर्वी दूध-जिलबी खावी, असे आपल्याकडे जुनी माणसे सांगत. यात जिलबीचा काही खास गुण असेल, की रात्रभराचा लांबलेला उपास लवकर मोडण्याचा? याचे उत्तर शोधण्यासाठी दूध-जिलबीऐवजी दूध-पोळी खाऊन तुलना करावी लागेल.

आले आणि चहा : आल्याने मळमळ कमी होण्यास मदत होते. चहा-कॉफीतील कॅफीन वेदनाशामकाचा परिणाम थोडा वाढविते. पण रोज भरपूर चहा पिणाऱ्याचा चहा चुकला तर १२ ते २४ तासांत त्यामुळेच डोके दुखू शकते. रविवारी उशिरा उठणाऱ्यांची झोप वाढते, न्याहारी लांबते आणि चहाही लांबतो. रविवारच्या डोकेदुखीचे कोडे पुष्कळदा येथे सुटते.

नाकात कसले तरी रस पिळणे, चटका देणे असले अघोरी उपाय मात्र कोणी सांगितले तरी करू नयेत.

गोळ्या आणि डॉक्टर

घरगुती उपायांनी भागले नाही तर डॉक्टरांनी सांगितलेली गोळी झटक्याच्या सुरुवातीलाच घ्यावी. झटक्यात जठराचे काम मंदावते आणि उशिरा घेतलेली गोळी नीट शोषली जात नाही. सोळा वर्षांखालील मुलांनी ॲस्पिरिन घेऊ नये. त्यामुळे क्वचित यकृत आणि मेंदू यांना गंभीर इजा होते. गोळ्यांचा अतिरेक हेही डोकेदुखीचे एक कारण आहे. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, अथवा मिश्र गोळ्या १० किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त काळ घेतले तर गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते. म्हणून वहीत गोळ्यांचे दिवस जरूर मोजावेत. महिन्यातून चार किंवा अधिक दिवस डोके दुखत असेल, तर झटके कमी करणारी प्रतिबंधक औषधे असतात. त्याविषयी डॉक्टरांना विचारावे आणि जाताना वही बरोबर न्यावी.

पुढील परिस्थितीत मात्र वही, लेप, बर्फ सारे बाजूला ठेवून तत्काळ डॉक्टरांकडे जावे : क्षणार्धात उसळलेली अतितीव्र डोकेदुखी, ताप आणि मान ताठ होणे, डोक्याला मार लागल्यानंतरचे दुखणे, हातापायांतील शक्ती जाणे, बोलणे अडखळणे, शुद्ध हरपणे किंवा फिट येणे, एकाच डोळ्याची दृष्टी जाणे, एक तासाहून अधिक टिकणारी ऑरा. दिवसेंदिवस वाढत जाणारे दुखणे आणि पहाटे उठताच डोके दुखून होणाऱ्या उलट्या यांचीही तपासणी लांबवू नये. ऑरा आयुष्यात प्रथमच दिसली तर तीही एकदा दाखवून घ्यावी.

शिक्षकांसाठी थोडेसे

वर्गातील एखाद्या मुलाचे डोके वरचेवर दुखत असेल तर त्याला खिडकीच्या झगझगीत उजेडापासून दूर बसवावे, तासाला पाणी पिण्याची मुभा द्यावी आणि कवायतीला टोपी घालू द्यावी. झटका आला तर शाळेतील एखाद्या अंधाऱ्या, शांत खोलीत तासभर पडू द्यावे. एक तास बुडेल, पण पुढचा दिवस वाचेल. आणि मुलाच्या म्हणण्याबद्दल शंका असेल तर त्याच्यावर रागावण्याऐवजी त्याला नोंदवही ठेवायला सांगावी. तीन महिन्यांच्या नोंदी खोट्या लिहिणे फार कठीण असते.

माझी पहिली वही मी महाविद्यालयात गेल्यावर सुरू केली. तिने मला जागरण आणि चुकलेले दुपारचे जेवण ही माझी दोन निमित्ते दाखविली, आणि ज्या दह्यावर घरात अनेक वर्षे बंदी होती ते मोकळे करून दिले. अर्धशिशी गेली नाही. ती सहसा पूर्णपणे जात नाही. पण महिन्याला चार-पाच झटके येत, ते दोन-तीन महिन्यांत एखाद्यावर आले. अजूनही कधी तरी फळ्यावर लिहिताना मधलाच एखादा अंक दिसेनासा होतो. मग मी खडू खाली ठेवतो, पाणी पितो आणि वर्गाला सांगतो, की आता वीस मिनिटे माझ्या मेंदूवरून एक लाट जाणार आहे. तिचा वेग किती, ते तुम्ही काढून ठेवा.